सीमाशुल्क संघ वेगळा, एकल बाजारपेठ वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटींबद्दल मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात एक चूक इतकी रुळली आहे की ती आता कुणाला खटकतही नाही. ‘कस्टम्स युनियन’ म्हणजे सीमाशुल्क संघ आणि ‘सिंगल मार्केट’ म्हणजे एकल बाजारपेठ. या दोन्हींसाठी सर्रास ‘सामायिक बाजारपेठ’ हा एकच शब्द वापरला जातो. दोन गोष्टींना एकच नाव दिले की ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेत तीनदा का पडला आणि त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांचा का तरला, हे समजावून सांगायला साधनच उरत नाही. मग मे हट्टी, जॉन्सन धूर्त आणि ब्रसेल्स (म्हणजे युरोपीय संघ) आडमुठे, अशी स्वभावचित्रे रंगवली जातात. अडलेले घोडे प्रत्यक्षात या दोन शब्दांमधल्या फरकापाशीच अडले होते, म्हणून हे पत्र.

सीमाशुल्क संघात सदस्य देश एकमेकांच्या मालावर आयातशुल्क घेत नाहीत आणि बाहेरच्या मालावर सगळे एकाच दराने घेतात. त्यामुळे सदस्य देशांच्या आपसातल्या सीमेवर शुल्कासाठी किंवा मालाचे मूळ तपासण्यासाठी ट्रक थांबवावा लागत नाही. एकल बाजारपेठेत माल कसा बनवायचा, त्यात काय चालते, कुठल्या चाचण्या हव्यात, याचे नियम एक असतात. शिवाय माणसे, सेवा आणि भांडवल यांनाही मुक्त वाट असते. तिथे दर्जासाठी ट्रक थांबवावा लागत नाही. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. म्हणून स्वीडनच्या सीमेवर स्विनेसुंडला मालाचे ट्रक कस्टम्सच्या कागदांसाठी थांबतात. तुर्कस्तानचे उलट आहे. औद्योगिक मालापुरता त्याचा युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघ आहे, पण तो एकल बाजारपेठेत नाही. बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले नाक्याला ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागतात. म्हणजे सीमेवर एकही नाका नको असेल, तर मालाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. एकीने भागत नाही.

आता आयर्लंडकडे पाहावे. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथे लष्करी चौक्या होत्या. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या हटल्या. आज शेते सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत आणि उत्तरेतले बरेचसे दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेतल्या कारखान्यांत जाते. इथे पुन्हा नाका उभारायचा नाही, यावर लंडन, डब्लिन आणि ब्रसेल्स तिघांचे एकमत होते. पण मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात ब्रिटन एकल बाजारपेठेतून बाहेर पडेल, सीमाशुल्क संघातही पूर्ण सदस्य म्हणून राहणार नाही, हे जाहीर करून टाकले होते. आणि उत्तर आयर्लंडला उरलेल्या ब्रिटनपेक्षा वेगळे वागवायचे नाही, असे तिसरे वचन होते. यांतली कुठलीही दोन वचने पाळता येत होती. तिन्ही मिळून पाळता येत नव्हती.

हे कोडे सोडवण्याआधीच घड्याळ सुरू केले गेले, हा त्या सरकारचा सर्वांत महागात पडलेला निर्णय. लिस्बन कराराच्या ५० व्या कलमाखाली नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. ती वाढवायची तर उरलेल्या सर्व सदस्यांची संमती लागते, आणि करार झाला नाही तर सदस्यत्व आपोआप संपते. ही रचनाच जाणाऱ्याला अडचणीत टाकणारी आहे, त्यामुळे नोटीस देण्याआधी आपल्याला काय हवे ते मंत्रिमंडळात ठरलेले असावे लागते. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली. मग मे यांनी मध्येच निवडणूक घेतली, ८ जूनला त्यात बहुमत गमावले आणि डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाच्या १० खासदारांवर सरकार टेकवले. पहिली बैठक १९ जूनला झाली, म्हणजे ८२ दिवस तसेच गेले. माल व्यापाराबद्दल नेमके काय मागायचे यावर मंत्रिमंडळाची बैठक पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासस्थानी झाली ती ६ जुलै २०१८ ला. तेव्हा मुदत संपायला नऊ महिनेही उरले नव्हते, आणि दोन-तीन दिवसांतच ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री जॉन्सन राजीनामे देऊन मोकळे झाले.

समोरच्या बाजूला युरोपीय संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांच्या हाती २७ देशांनी २९ एप्रिल २०१७ लाच मंजूर केलेली लेखी आणि जाहीर मार्गदर्शक तत्त्वे होती. आधी नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंडची सीमा. यांत पुरेशी प्रगती झाली की मगच व्यापार. या क्रमाला ब्रिटनने पहिल्याच दिवशी मान तुकवली. पैशांवरून मोठे भांडण होईल असे वाटत होते, ते मात्र तुलनेने लवकर मिटले. ब्रिटिश सरकारच्या अंदाजाने देणे ३५ ते ३९ अब्ज पौंड होते. आकड्यावर घासाघीस करता येते, कमीअधिक करता येते. सीमेवर एक तर नाका असतो किंवा नसतो.

४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांच्याबरोबर बसलेल्या असताना डीयूपीच्या अर्लीन फॉस्टर यांनी मसुद्याला नकार दिला. चार दिवसांनी जो संयुक्त अहवाल निघाला, त्याचे परिच्छेद ४९ आणि ५० शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दुसरा मार्ग सापडला नाही तर आयर्लंड बेटावरच्या सहकार्याला लागणारे एकल बाजारपेठेचे आणि सीमाशुल्क संघाचे नियम ब्रिटन पूर्णपणे पाळेल, असे ४९ वा सांगतो. तिथे दोन्हींची नावे वेगवेगळी घेतलेली आहेत. उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये नवे नियामक अडथळे येणार नाहीत, असे ५० वा सांगतो. दोन्ही शब्दशः पाळायचे तर अख्ख्या ब्रिटनला दोन्हींच्या नियमांत राहावे लागते. सही झाली त्या दिवशीच पुढचे दीड वर्ष त्यात लिहिलेले होते.

‘बॅकस्टॉप’, म्हणजे दुसरा मार्ग सापडला नाही तरी आयर्लंडच्या सीमेवर नाका येऊ न देण्याची हमी, जन्मला तो यातून. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने तो फक्त उत्तर आयर्लंडपुरता लिहिला. कुठलाही ब्रिटिश पंतप्रधान हे मान्य करणार नाही, असे मे म्हणाल्या. नोव्हेंबरच्या ५८५ पानी करारात मग सीमाशुल्काचा भाग सगळ्या ब्रिटनला लावला आणि मालाच्या दर्जाचे बरेचसे नियम उत्तर आयर्लंडला. यातून एकतर्फी बाहेर पडण्याची सोय नव्हती. पर्यायी करार झाला नाही तर ही व्यवस्था अनिश्चित काळ चालू राहील, असा सल्ला सरकारचे कायदा सल्लागार, ॲटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी दिला होता. सरकारने तो दडवला आणि संसदेने अवमानाचा ठराव केल्यावर तो जाहीर करावा लागला. तेव्हापासून हुजूर पक्षातल्या कडव्यांना अंकगणित समजले होते: सीमाशुल्क संघात अडकलेला ब्रिटन स्वतःचे शुल्कदर ठरवू शकणार नाही, आणि मग अमेरिकेशी किंवा भारताशी मालाच्या व्यापाराचा खरा करारही करू शकणार नाही. १५ जानेवारी २०१९ ला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. विरोधात स्वपक्षाचेच ११८ खासदार होते. १२ मार्चला १४९ मतांनी आणि २९ मार्चला ५८ मतांनी तो पुन्हा पडला.

संसदेला काहीच नको होते, हेही सरसकट खरे नाही. १ एप्रिलच्या पर्यायी मतदानात सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा अवघ्या तीन मतांनी पडला. एकल बाजारपेठेसह दोन्हींचा प्रस्ताव त्याच दिवशी २१ मतांनी पडला. ‘सामायिक बाजारपेठेचा प्रस्ताव फेटाळला’ एवढ्या बातमीतून वाचकाला यातले काही कळणे शक्य नव्हते.

जॉन्सन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मे यांच्या करारातला फारच थोडा भाग बदलला, पण बदलला तो मर्माचा. उरलेल्या ब्रिटनला दोन्हींतून बाहेर काढले आणि उत्तर आयर्लंडला व्यवहारात मालापुरते दोन्हींत ठेवले. तिसरे वचन मोडले आणि नाका आयरिश समुद्रात गेला.

तो नाका म्हणजे काय, हे स्कॉटलंडच्या केर्नरायन बंदरातून बेलफास्टला निघालेल्या किराणा दुकानाच्या एका ट्रकवरून कळते. आत दूध, चीज, ताजे सॉसेज, तयार जेवणाचे डबे, कुंडीतली रोपे असा मिश्र माल. युरोपीय संघाचे पूर्ण नियम लावले तर कस्टम्सचे घोषणापत्र, सुरक्षा घोषणापत्र, आगाऊ सूचना, आणि प्राणिजन्य पदार्थांच्या प्रत्येक प्रकारासाठी अधिकृत पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला. एका दाखल्यात चूक निघाली तर सगळा ट्रक अडतो, कारण माल एकत्र भरलेला असतो. ताजे, न गोठवलेले सॉसेज तर बाहेरच्या देशातून आणायलाच बंदी. रोपांच्या मुळांना ब्रिटनची माती लागलेली असली तर तीही बंद. म्हणूनच ब्रिटनने २०२१ मध्ये सवलतीच्या मुदती एकतर्फी वाढवल्या, आणि २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी मार्गिका, पुढे युरोपीय संघात जाणाऱ्यासाठी लाल, आणि पाकिटांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असा शिक्का, अशी वाट काढली. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिश्र ट्रकसाठी एकच दाखला पुरू लागला. कागद कमी झाले, पण सीमा समुद्रातच राहिली. ही व्यवस्था चालू ठेवायला उत्तर आयर्लंडच्या स्टॉरमॉन्ट इथल्या विधानसभेने १० डिसेंबर २०२४ ला ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली. डीयूपी विरोधातच होता.

आता पुढची बातमी. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान किअर स्टार्मर आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी अन्न आणि वनस्पतींच्या नियमांवर करार करायचे ठरवले. ब्रिटनने युरोपीय नियम बदलतील तसे आपले बदलायचे आणि त्या नियमांच्या अर्थाबाबत युरोपीय न्यायालयाचा शब्द अंतिम मानायचा. एकल बाजारपेठेत किंवा सीमाशुल्क संघात परतणार नाही, हेही स्टार्मर यांनी सोबतच सांगितले आहे, आणि दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात. हा करार झाला तर डोव्हरहून कॅलेला जाणाऱ्या चीजच्या ट्रकमधला पशुवैद्याचा दाखला जाईल. कस्टम्सचे घोषणापत्र आणि मालाचे मूळ सिद्ध करण्याचे काम राहील. तेव्हा ‘ब्रिटन सामायिक बाजारपेठेत परतणार’ असा मथळा आपल्या अंकात येऊ नये, एवढी कळकळीची विनंती.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक