प्लेटमधल्या पेशी मेल्या म्हणजे कॅन्सर बरा झाला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात चौकट आली होती, सह्याद्रीतली वनस्पती कॅन्सरवर रामबाण वगैरे. सकाळी सातलाच मावशीच्या सुनेचा फोन, भावोजी तुमच्या लॅबमध्ये तो अर्क मिळेल का. मावशीची केमो चालू आहे. मागे कुणीतरी सांगितलं म्हणून तिला सदाफुलीच्या पानांचा काढा दिला होता, दोन दिवस उलट्या करून बिचारी अंथरुणाला खिळली, म्हणून आता निदान विचारलं तरी.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, ह्या टेस्ट बघतो म्हणून लिहितोय. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, ९६ खळग्यांची, त्यात कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, वरून अर्क टाकायचा, दोन दिवस ठेवायचं आणि मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. पेशी जिवंत असतील तर जांभळं होतं, मेल्या असतील तर पिवळंच राहतं. बस, एवढंच. आता त्या खळग्यात अल्कोहोल जरा जास्त पडलं तरी पिवळंच राहतं हो, फिनेल टाकलं तरी! म्हणून तर काही खळग्यांत नुसतं सॉल्व्हंट (ज्यात अर्क विरघळवतात ते द्रव) घालतात, आणि निरोगी पेशींवरही तोच अर्क टाकून बघतात, त्याही तितक्याच मेल्या तर ते औषध कसलं, विषच. तुमच्या चौकटीत ह्यातलं अक्षर नव्हतं, डोस नव्हता, उंदरावर तरी केलं का तेही नव्हतं.

झाडांत काही नसतं असं मी म्हणतच नाहीये. आमच्या आजरा-आंबोलीकडे नरक्या नावाचं झाड आहे, वास घेतला की नाव का पडलं ते कळतं. त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. ते १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी मूळच्या चीनच्या एका झाडातून वेगळं केलं (वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध पण ह्याच जोडीचं), नरक्यात ते १९७२ ला सापडलं. पेशंटना देऊन बघितलं तर मूत्राशयातून रक्त जायला लागलं, थांबवावं लागलं. ते पेशीत नेमकं कुठे अडकतं हे कळायला १९८५ उजाडलं, मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं झाली, १९९६ ला अमेरिकेत परवानगी. म्हणजे ३० वर्षं! आणि इकडे नरक्यावर कुऱ्हाड मात्र कधीचीच पडतेय, तस्करीच्या बातम्या तुम्हीच छापता.

सदाफुलीचंही तसंच. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर हे संशोधक तिच्यात डायबिटीसचं औषध शोधत होते, उंदरांना अर्क तोंडाने दिला तर काही नाही, इंजेक्शनने दिला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या आणि त्यातूनच विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर मिळतं आणि तेही मोजून शिरेतून देतात, मग दारातल्या मूठभर पानांच्या काढ्यात कुणी काय मोजलं?

तेव्हा पहिल्याच ओळीत लिहा, प्लेटमध्ये झालं, उंदरात झालं की माणसात. आणि जमलं तर त्या चौकटीचा खुलासा छापा, मी फोटो काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकतो, तिथे ती अजून फिरतेय.

आपला,
एक वाचक, आजरा