व्हायोलन्सचा पहिला आल्बम आणि तुला न पटलेला गायक

डिचोली,
श्रावणातला शनिवार

प्रिय बाबल्या,

तुझा निरोप पोचला. 'गिटारी झकास, पण ह्या गायकाला सुराचं काही सोयरसुतक आहे की नाही?' एवढंच लिहून तू मोकळा झालास. फोनवर हा विषय काढला असता तर आपण दोघं एकमेकांचं न ऐकता नुसते ओरडत बसलो असतो, म्हणून कागद घेतला. दुपारपासून वीज नाही, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा पत्र लांबणार हे धरूनच चाल.

आधी ओळखपाळख उरकतो. व्हायोलन्स ही अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली मंडळी, थ्रॅश वाजवणारी, म्हणजे मेटलचा तो भरधाव, आक्रमक प्रकार. इंग्रजीत नावाच्या मधोमध आडवी रेघ मारतात, का ते त्यांनाच ठाऊक. बँड 1985 चा, 'इटर्नल नाइटमेअर' हा पहिला आल्बम 1988 चा. सात गाणी, सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं. तू ज्याच्या नावानं बोटं मोडतोयस तो शॉन किलियन. बास गिटारवर डीन डेल, ड्रम्सवर पेरी स्ट्रिकलंड, आणि गिटारवर फिल डेमेल व रॉब फ्लिन.

ही शेवटची दोन नावं पुन्हा वाच. बंगळुरू, 2008, पॅलेस ग्राउंड्स. आपण गेलो होतो मेगाडेथ ह्या बँडसाठी. त्यांच्या आधी मशीन हेड उभे राहिले आणि घामाघूम होईस्तोवर आपण नाचलो. त्या रात्री मशीन हेडच्या दोन गिटारी होत्या त्या ह्याच दोघांच्या हातात! त्या रात्रीच्या वीस वर्षं आधी, विशीतली पोरं असताना, त्यांनी हा आल्बम केला होता. त्या गर्दीत किती जणांना हे माहीत असेल? मशीन हेडचं 'बर्न माय आइज' 1994 साली आलं आणि जगभर गाजलं. त्याच्या आधीचं हे काम मात्र, मेटल ऐकणाऱ्यांतही, फक्त खोदून काढणाऱ्यांच्या वाट्याला आलं.

मागे का पडलं? एक कारण तर साल. 1988 मध्ये मेगाडेथचा आल्बम आला, टेस्टामेंटचा 'द न्यू ऑर्डर' आला, स्लेयरचा 'साउथ ऑफ हेवन' आला, मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' आला, अँथ्रॅक्सचाही आला. असल्या जत्रेत नवख्या पोरांकडे कोण बघणार? दुसरं कारण तू लिहिलंस तेच. गायक. तेव्हाही लोक हेच म्हणत आणि आजही म्हणतात. बँड भन्नाट, गायक बदलायला हवा होता.

मला हे मुळीच मान्य नाही. गायक बदलला असता तर हा आल्बमच झाला नसता.

गिटारवरून सुरू करू, कारण तिथे तुझी-माझी भांडणं नाहीत. उजव्या हाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारीच्या बुडाशी तारा टेकतात तिथे, तारांवर टेकवायची आणि पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, फक्त खालच्या दिशेनं मारत राहायचं, हे तू मला करताना शंभरदा पाहिलंयस. थ्रॅशचा सगळा जोर त्या मनगटात असतो. 'सीरियल किलर' मी त्या वेगानं वाजवायला जातो आणि दुसऱ्या मिनिटाला माझं मनगट दगड होतं. पण वेग सगळेच दाखवतात. ह्या पोरांची खोड वेगळी आहे. एक रिफ, म्हणजे गिटारीचा पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा, जरा कुठे कानात बसतेय म्हणेपर्यंत हे दुसरीवर गेलेले असतात. 'फोबोफोबिया' एकदा नुसत्या गिटारीकडे लक्ष ठेवून ऐक. ज्या ऐवजावर दुसऱ्या बँडनं तीन गाणी काढली असती तो इथे एकात कोंबलाय. आणि बास चक्क ऐकू येतो, हे त्या वर्षी भाग्यच म्हणायचं. मेटॅलिकाच्या 'जस्टिस'मधला बास शोधायला तर आजही लोक कान टवकारून बसतात.

आता सांग, असल्या सारख्या बदलत्या रिफांवर सुरेल गायक बसवायचा कसा? त्याला सूर लावायला जागा लागते, ओळ खेचायला चार मात्रा जास्त लागतात. म्हणजे रिफनं त्याच्यासाठी थांबायचं. किलियन कुणालाच थांबायला लावत नाही. तो शब्द भराभर, तुकड्या-तुकड्यांनी, नाकातून फेकतो. सूर एकाच पट्टीत घुटमळतो, पण आघात नेमका स्नेअर ड्रमच्या ठोक्याशी जुळलेला. रिफ बदलली तरी त्याची ओळ मोडत नाही, तो तिच्यावरून तसाच पुढे जातो. त्याचा आवाज गोड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तो तालवाद्याचं काम करतोय.

हवा तर ताळा करून बघ. रॉब फ्लिन व्हायोलन्समध्ये यायच्या आधी फॉरबिडनमध्ये होता. फॉरबिडनचा पहिला आल्बम 'फॉरबिडन ईव्हिल' हाही 1988 चाच, आणि फ्लिन बँड सोडून गेला असला तरी त्यातल्या काही गाण्यांत त्याचा हात आहे. तिथे गायक रस अँडरसन, गळा असा की वर जाऊन उंच किंकाळी सुरात लावील. तुला तो पहिल्या गाण्यातच आवडेल, पैज लावतो. पण बघ, त्याच्यासाठी गाणी ऐसपैस झालीयेत. मुखडा येतो, रिफ मागे सरते, अँडरसन गातो. छानच आहे ते, मी नाही कुठे म्हणतोय? पण 'इटर्नल नाइटमेअर'मध्ये जी घुसमट आहे, सात गाणी अंगावर कोसळत राहतात, ती तिथे नाही. काही गाण्यांमागचा हात तोच, साल तेच, फरक गळ्याचा.

मंगेशीच्या दीनानाथांच्या ताना ऐकत तुझा कान तयार झालाय, हे मला ठाऊक आहे. तुझे बाबा सकाळी नाट्यगीताची कॅसेट लावायचे आणि आपण ओसरीवर गप्प बसायचो. तो कान इथे लावू नकोस. तुझा दुसरा कान लाव, चवथीचा, गणपतीतल्या आरत्यांचा. तू शामेळ, आपलं ते काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य, गळ्यात अडकवून आमच्या वाड्यावर फिरतोस तेव्हा आरती उचलणारा जो कुणी असतो, पाचव्या घरी त्याचा घसा पार बसलेला असतो. तो सुरात आहे का असं कधी कुणी विचारलंय? घुमटांच्या, म्हणजे त्या मातीच्या चामडं ताणलेल्या वाद्यांच्या, आणि कासाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या, त्या कल्लोळात तो ओळ नेमक्या जागी टाकतोय का, एवढंच सगळे बघतात. आणि तो 'जय देव'ला आला की अख्खं अंगण एका घशानं तुटून पडतं. 'कॉलिंग इन द कॉरोनर' किंवा 'किल ऑन कमांड'मध्ये गाण्याचं नाव येतं तिथे हेच होतं. एकटा किलियन बडबडत असतो आणि अचानक मागून सगळे मिळून ते शब्द आदळतात. मुख्य गायक सुरेल असता तर हा झुंडीचा आवाज उपरा वाटला असता.

उणं काढायचं तर शब्दांत काढ, मी तुझ्या बाजूनं. खुनी, प्रेतं, भीतीचीच भीती, असला सगळा मसाला. त्या वयात वहीच्या मागच्या पानांवर कवट्या काढायचो त्यातलाच प्रकार. ह्या शब्दांनी त्यांना पुढे गोत्यातही आणलं. 1990 च्या दुसऱ्या आल्बममधलं 'टॉर्चर टॅक्टिक्स' हे गाणं कंपनीनं शब्दांवर हरकत घेऊन गाळायला लावलं. नंतर ते वेगळं निघालं. 1993 चा तिसरा आल्बम आला तेव्हा फ्लिन मशीन हेड घेऊन पुढे निघून गेला होता, आणि तो आल्बम मी दोनदा ऐकून ठेवून दिला.

किलियनचं पुढे काय झालं ते कळल्यावर मात्र मला बरं वाटलं. यकृत निकामी होत आलं होतं, 2018 साली प्रत्यारोपण झालं, आणि गडी पुढच्याच वर्षी परत स्टेजवर. 2022 मध्ये 'लेट द वर्ल्ड बर्न' नावाची पाच गाणीही काढली. आवाज थोडा जाड झालाय, खोड तीच.

गंमत म्हणजे हे सगळं मी गोव्यात बसून कुणाला सांगणार? बाहेरच्यांना गोवा म्हणजे ट्रान्स संगीत आणि किनारा, इथल्यांना लग्नातले बँड. डिचोलीच्या बाजारात काळा टी-शर्ट घालून फिरलो तर अजूनही ओळखीचे लोक 'घरी सगळं ठीक ना?' म्हणून विचारतात. तू पुण्याला गेल्यापासून माझ्याशी ह्यावर भांडणारंही कुणी उरलेलं नाही.

चवथीला येतोयस ना? रजेचा अर्ज आत्ताच टाक, गाडीत आयत्या वेळी जागा मिळत नाही. येताना माझ्यासाठी तारांचे दोन सेट आण, जाड वाले, इथे म्हापशापर्यंत हिंडून मिळाले नाहीत. पैसे इथे देतो. वहिनींना नमस्कार, पोराला शाबासकी.

तुझा,
रघू

ता.क. 'फॉरबिडन ईव्हिल' ऐकलास की आधी 'चॅलिस ऑफ ब्लड' लाव, आणि लगेच त्यावर 'सीरियल किलर'. मधे चहाला उठू नकोस. मग लिही काय लिहायचं ते.