जिम मार्टिनबद्दल, सुमीला

मेलबर्न,
२८ एप्रिल

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या थंडीत पहाटे चारला उठून कुठे गेली होतीस गं?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. रागावू नकोस. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. शिवाय ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याची सगळी हकिगतच पत्रांची आहे. म्हणून आज सकाळची कामं उरकून कागद-पेन घेऊन बसले. अक्षर हल्ली वळणावर राहत नाही, लावून घे.

२५ एप्रिल हा इथला अँझॅक दिवस. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, याच तारखेला पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पोरं तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. वर तुर्क, खाली समुद्र, मधे उभा कडा. आठ महिने तिथंच अडकून पडली आणि डिसेंबरात रातोरात माघारी आली. ऑस्ट्रेलियाची आठ हजारांवर माणसं गेली, तुर्कांची तर याच्या कितीतरी पट. त्या दिवशी पहाटे गावोगावच्या स्मारकांपाशी माणसं जमतात. मी नातवाला, ओमला, घेऊन शहरातल्या मोठ्या स्मारकाकडे गेले होते. काळोखात हजारो लोक उभे, लहान मुलं बापाच्या खांद्यावर झोपलेली, कोटाला रोझमेरीची काडी खोचलेली, आणि एक माणूस बोलेल तर शपथ. मग बिगुल वाजला. मला तुझे बाबा आठवले.

ओमला शाळेतून एका सैनिकाबद्दल लिहून आणायला सांगितलं होतं. त्याने जिम मार्टिन निवडला. मी सहज म्हटलं, हाच का रे? तर म्हणाला, "आजी, तो माझ्याएवढा होता." मला वाटलं, उंचीबद्दल बोलतोय.

जेम्स चार्ल्स मार्टिन. जन्म ३ जानेवारी १९०१, मरे नदीकाठच्या टोकमवॉल गावचा. पुढे घर मेलबर्नच्या हॉथॉर्नमध्ये, म्हणजे मी ज्या ट्रामने लेकीकडे जाते तिच्या वाटेवरच. बहिणींमधला एकुलता एक भाऊ. शाळेत कॅडेट होता, अंगाने थोराड. १९१५ साली वडील सैन्यात भरती व्हायला गेले, त्यांना नाकारलं. तेव्हा हा म्हणाला, मग मी जातो. वय चौदा!

एकवीसच्या आतल्या मुलाला आईवडिलांची लेखी संमती लागायची. आई, अमीलिया तिचं नाव, सुरुवातीला नाहीच म्हणाली. कुठली आई हो म्हणेल? तेव्हा त्याने तिला काय सांगितलं माहितेय? तुम्ही सही दिली नाहीत तर मी दुसऱ्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला पत्रसुद्धा लिहिणार नाही. सही दिलीत तर लिहीत जाईन.

सुमे, मी तिथेच ओमला थांबवलं आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. मुलगा जाणार हे तर तिला कळून चुकलं होतं. तिच्या हातात एवढंच उरलं होतं की तो खऱ्या नावाने जाईल की खोट्या, आणि त्याची खबर लागेल की नाही. तिने खबर निवडली. लोक म्हणतात, आईने सही करायलाच नको होती. मी नाही तसं म्हणणार. खोट्या नावाचा मुलगा मेला असता तर घरी तारही आली नसती.

१२ एप्रिल १९१५ ला तो भरती झाला. कागदावर वय अठरा. एकविसाव्या बटालियनमध्ये गेला आणि २८ जूनला बेरिमा नावाच्या जहाजातून मेलबर्नहून निघाला. तेव्हा रिवाज असा की जहाज सुटताना धक्क्यावरची माणसं कागदी फितीचं एक टोक धरायची, दुसरं टोक जहाजावरच्याने धरायचं. जहाज हललं की फीत ताणत जायची आणि तुटायची. त्याने आपल्या हातातला तुकडा टाकून दिला नाही. तो जपून ठेवला. हे लक्षात ठेव, पुढे सांगते.

इजिप्तमध्ये थोडं शिक्षण झालं आणि ऑगस्टअखेर साऊथलँड जहाजातून गॅलिपोलीकडे रवानगी. २ सप्टेंबरला लेम्नोस बेटाजवळ जर्मन पाणबुडीने त्या जहाजावर टॉर्पेडो मारला. जहाज बुडालं नाही, पण उड्या मारायची वेळ आलीच. जिम सुमारे चार तास समुद्राच्या पाण्यात होता. ओम पोहायला गेला आणि केस ओले घेऊन आला तरी मी टॉवेल घेऊन मागे धावते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, तो गॅलिपोलीला उतरला. तिथलं वर्णन तुला फार करत नाही. पाणी मोजून. खायला डब्यातलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. खंदकांच्या मधल्या जागेत पुरायची राहिलेली प्रेतं आणि त्यामुळे माश्या इतक्या की घास तोंडात जाईपर्यंत त्यावर बसलेल्या. हगवण आणि विषमज्वर यांनी गोळीच्या बरोबरीने माणसं काढली. एक गोष्ट मात्र ओमने वाचून दाखवली तेव्हा मी चमकले: त्या कड्यावर पाणी आणि दारूगोळा चढवणारी खेचरं आपल्या हिंदुस्थानातून गेलेली होती आणि ती हाकणारी माणसंही. आपल्या मराठा पलटणी मात्र त्या वेळी मेसोपोटेमियात होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या वाटेने एसटीतून जाताना तुझे बाबा तिथल्या स्मारकाच्या दगडाबद्दल सांगायचे, पहिल्या युद्धात त्या एका गावचे शेहेचाळीस जण गेले म्हणून. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत ऐकायचे. त्या घरांत आलेली पत्रं कोण वाचून दाखवत असेल, हा विचार आता या वयात मनात येतो.

जिमने शब्द पाळला. तो लिहीत राहिला. ४ ऑक्टोबर १९१५ चं घरी पाठवलेलं त्याचं पत्र आहे. माझी काळजी करू नका, मी इथे अगदी मजेत आहे, असं त्यात लिहिलंय. आणि पुढे, घर सोडल्यापासून एकही पत्र मला मिळालेलं नाही, मी तर सारखा लिहितोय.

एकही नाही! आघाडीची टपाल इजिप्तवरून फिरत फिरत यायची, बटालियन इथून तिथे हललेली, पोती कुठल्या बंदरावर पडून राहिली असतील देवाला ठाऊक. सहीच्या बदल्यात पत्र, असा माय-लेकरांचा करार, आणि त्यातलं तिच्या बाजूचं एक अक्षर त्याच्या हाती पडलं नाही. चार तास पाण्यात राहिलेला, माश्यांत जेवणारा मुलगा तक्रार एवढीच करतो, की पत्र नाही आलं. तीही "मजेत आहे" म्हणून झाल्यावर.

आठवतं ना तुला, एकाहत्तर साल? आपण दहा वर्षांच्या. बाबा सीमेवर, आणि काकू दर गुरुवारी जेवणं आटोपली की आपल्या दोघींना कंदिलापाशी बसवायच्या. निळं आंतर्देशीय, तुझं अक्षर चांगलं म्हणून तू लिहायचीस, मी जिभेने डिंक ओला करून चिकटवायची. "इकडील सर्व खुशाल. म्हैस व्याली. आपण प्रकृतीस जपून असावे." छप्पन्न ए.पी.ओ. हा सैन्याच्या टपालाचा पत्ता मला अजून झोपेत विचारलास तरी सांगेन. बाबांचं पत्र यायचं बंद झालं तरी त्या गुरुवार चुकवायच्या नाहीत. पुढे बाबा आल्यावर हसत म्हणाले होते, सगळी एकदम मिळाली, अकरा पत्रं, सुतळीने बांधलेली. काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि चहाला आधण ठेवलं.

जिम २५ ऑक्टोबरला विषमज्वराने ग्लेनार्ट कॅसल या इस्पितळ-जहाजावर पोचला. अगदी गळून गेलेला. त्याला स्वच्छ बिछान्यावर घेतलं. तिथल्या मेट्रनबाईंनी, म्हणजे मुख्य नर्सनी, नंतर त्याच्या आईला कळवलं, की आता बरं वाटतंय असं तो म्हणाला, त्याच्यासाठी जे केलं त्याबद्दल त्याने फार गोड शब्दांत आभार मानले, मग झोपायला म्हणून कूस घेतली आणि हृदय बंद पडून संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेला. चौदा वर्षं नऊ महिने. पंधरावा वाढदिवस दहा आठवड्यांवर होता. गॅलिपोलीवर तो सत्तेचाळीस दिवस होता. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांत ज्ञात असलेला तोच सर्वांत लहान.

त्याला समुद्रातच मूठमाती दिली, असं लिहिणार होते, पण समुद्रात माती कुठली. देह पाण्यात सोडला. म्हणून कबर नाही. गॅलिपोलीवरच्या लोन पाइनच्या स्मारकावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जवळपास पाच हजार जणांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे.

घरी परत आल्या त्या त्याच्या थोड्याशा वस्तू. त्यांत कागदी फितीचा तो तुकडा होता. टॉर्पेडो, चार तास पाणी, खंदक, आजारपण, एवढ्यातून कागद टिकला. मी माझ्या पिशवीतली किल्ली आठ दिवस सांभाळू शकत नाही. त्याने ती फीत कुठे ठेवली असेल, कितीदा काढून बघितली असेल? पत्र नव्हतं ना दुसरं काही. घरच्यांनी हात लावलेलं तेवढंच त्याच्याजवळ होतं.

पहाटे बिगुल थांबल्यावर दोन मिनिटं शांतता असते. ओम माझ्या शेजारी उभा होता, आता खांद्याच्या वर गेलाय. एरवी मी हात धरला तर सोडवून घेतो, चारचौघांत लाज वाटते त्याला. त्या दिवशी नाही सोडवला.

काकूंच्या ट्रंकेत ती पत्रं अजून असतील तर बघशील का? बाबांनी परत आणलेली, सुतळीची. कसर लागली नसेल तर त्यातल्या एखाद्याचा फोटो काढून पाठव, ज्यात म्हशीचं लिहिलंय ते. ओमला दाखवायचंय. आणि या पत्राचं उत्तर पत्रानेच दे. पोचायला तीन आठवडे लागू देत, मी रोज पेटी उघडून बघेन.

तुझी,
माई