सर, तुम्ही आमच्याकडं पाणी प्यायला नाहीत

आदरणीय सर,

पप्पा गेले त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलणं झालंच नाही. दफनभूमीत तुम्ही मागं भिंतीजवळ उभे होता. मी माणसांतून वाट काढत येईपर्यंत तुम्ही संकेश्वरच्या बससाठी निघून गेला होता. मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, हे ठाऊक आहे. पण तुमचे विद्यार्थी निपाणीपासून खानापूरपर्यंत पसरलेत, कुणीतरी वाचून दाखवेलच. म्हणून इथं, चारचौघांत लिहिते.

आधी दुसऱ्यांचं सांगते, त्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. पप्पांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा एका प्रार्थना गटाची माणसं घरी येऊ लागली. पहिल्यांदा आली ती कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन. साखरेनं किडन्या गेलेल्या माणसाकडं कुंदा! तो त्यांनीच संपवला, वर चहा घेतला आणि डोळे मिटून सांगितलं, "लपवलेलं पाप आहे. ते कबूल केल्याशिवाय बरं वाटायचं नाही."

पप्पा ट्रक चालवायचे, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला. उमेदीत प्यायचे. त्यात लपलेलं काही नव्हतं, अख्ख्या अनगोळला माहीत होतं आणि सोडूनही जमाना झाला होता. तरी ते रात्र रात्र जागून पापं आठवत बसायचे. आईवर हात उगारला होता. क्लीनरचा पगार कापला होता. एवढ्यावर भागेना, तेव्हा गटवाले आमच्या आजोबांपर्यंत पोचले: पिढ्यांचा शाप. बायबलाच्या निर्गम पुस्तकातलं, बापाच्या पापाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं हे वचन त्यांना तोंडपाठ. यहेज्केलाच्या 18 व्या अध्यायात मुलानं बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही असं स्वच्छ लिहिलंय, ती पानं बहुधा त्यांच्या बायबलात एकमेकांना चिकटलेली असावीत.

तुम्ही आलात ते मे महिन्यात. वळीव अजून पडला नव्हता, पत्रा तापलेला. आईनं तांब्या-भांडं पुढं केलं, तुम्ही हात जोडून "नको" म्हणालात. चहा विचारला, तोही नको. आईचा चेहरा उतरला. आमच्या घरी येऊन पाणी नाकारणं म्हणजे काय, हे तिनं लहानपणी गावात पुरेपूर भोगलंय. चर्चमध्ये आल्यावरही काही घरांत भोगलं. तुम्हाला ते लगेच दिसलं. खाटेकडं बघून म्हणालात, "ह्यांना दिवसाचं पाणी मोजून. मी ह्यांच्यासमोर घटाघटा कसा पिऊ, अक्का? जाताना स्टँडवर पिईन की." आणि बसलात, चांगली दुपार कलेपर्यंत. बोलता बोलता आवाज चिरकत होता, तरी उठला नाहीत.

ज्याला कधी मोजून पाणी प्यावं लागलं नाही, त्याला यात काय विशेष असं वाटेल. किडनी गेलेल्या माणसाचं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साचतं, छातीत भरतं, धाप लागते. म्हणून बाटलीवर खूण करून ठेवायची आणि फारच झालं तर बर्फाचा खडा चोखायला द्यायचा. शेजारी नळ सुटल्याचा आवाज आला तरी पप्पा मान वळवायचे. येणारे-जाणारे मात्र त्यांच्यासमोर ग्लास रिकामे करून विश्वासावर बोलायचे.

मला वाटतं, तुम्ही कोरडे बसलात म्हणूनच पप्पांना तो प्रश्न विचारायचा धीर झाला. "सर, तो देवाचा पोरगा. तिसऱ्या दिवशी उठणार हे त्याला ठाऊक. मग त्याला काय दुखलं असणार ओ? आमच्यासारखं थोडंच?" मी घाबरले. तुम्ही खूश झालात! म्हणालात, सुरुवातीच्या काळातच काही जण सांगत की येशूचं शरीर नुसतं दिसायला होतं, आणि मंडळीनं, म्हणजे चर्चनं, नेमकं तेच नाकारलं. 451 साली खाल्सेदोनला, म्हणजे आताच्या इस्तंबूलमध्ये, बिशप जमले आणि त्यांनी ठरवलं: पुरता देव आणि पुरता माणूस. त्याच्या आधीच्या शतकात नाझियान्झसचे ग्रेगरी नावाचे धर्मगुरू सांगून गेले होते की जे येशूनं अंगावर घेतलं नाही, ते बरंही झालं नाही. "म्हणजे किडनीसुद्धा आली त्यात," तुम्ही म्हणालात, आणि पप्पा हसले. ते हसणं आम्ही विसरलो होतो.

एक मात्र सांगायला हवं, तुम्ही त्यांना सूट दिली नाहीत. क्लीनरचे पैसे कापले ते पापच, त्याचा पत्ता शोधा आणि पैसे पोचवा, असं तोंडावर म्हणालात. सोडवलीत ती पाप आणि आजार यांची गाठ. जन्मांधाकडं बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी त्यानंच विचारलं, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती काय यरुशलेमात सगळ्यांत पापी होती?

मग वधस्तंभावर झालं काय? कुणी म्हणतं आपल्या सुटकेची किंमत मोजली. अकराव्या शतकात अन्सेल्म नावाच्या धर्मपंडितानं त्याला न फिटणाऱ्या ऋणाची फेड म्हटलं, पुढं प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी आपल्या जागी भोगलेली शिक्षा म्हटलं. यातलं अमुकच मानायचं, असं बिशपांच्या जुन्या महासभांपैकी एकीनंही ठरवलं नाही, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. "कुठलंही धरा," तुम्ही म्हणालात, "मरायला माणूस व्हावं लागतं."

शेवटी मार्काचा पंधरावा अध्याय काढलात. खिळे ठोकायच्या आधी त्याला बोळ, म्हणजे कडवट सुगंधी डिंक, मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, त्यानं घेतला नाही. पप्पा पटकन म्हणाले, "मी असतो तर सोडलो नसतो बघा!" आईनं कपाळावर हात मारला. मग योहानातून "मला तहान लागली आहे". गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलणारे या पाचव्या उद्गाराशी आले की लगेच आत्म्याच्या तहानेकडं वळतात. तुम्ही वळला नाहीत. "घशाची तहान," एवढंच म्हणालात आणि पुस्तक मिटलंत.

त्यानंतर पप्पा पापं मोजत बसले नाहीत. आजार होता तसाच वाढला. तेही तुम्ही आधी सांगितलं होतं, कुठलं वचन देऊन फसवलं नाहीत.

सर, तुमच्या घरात कन्नड बोलतात. पप्पांसाठी तुम्ही पिशवीतून मराठी बायबल आणलंत आणि अडखळत का होईना, तेच वाचलंत. पाट्यांच्या भाषेवरून आमच्याकडं काय काय होतं ते जगाला माहीत आहे. आणि आमचा रिक्षावाला, मुसलमान, दवाखान्याबाहेर चार-चार तास थांबायचा, वेटिंगचा रुपया घेत नव्हता. अशी माणसं बेळगावात भरपूर आहेत, फक्त ती माईक हातात घेत नाहीत.

क्लीनरचा पत्ता लागला. हल्याळकडं असतो, भाऊ जाऊन पैसे देऊन आला.

तुम्ही निघताना मला म्हणाला होता, त्या गटवाल्यांना मनात धरू नकोस. ते जमलेलं नाही. परवा भाजी घेताना त्यांच्यातल्या एक बाई भेटल्या, म्हणाल्या, "विश्वास कमी पडला गं." मी काही न बोलता पिशवी उचलली आणि चालू लागले. यावर तुमच्याकडं वचन असणारच. सांगा, पण इतक्यात नको.

तुमची,
पप्पांची धाकटी, अनगोळ