न विकलेल्या हाडकाबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही. दुकानात येणारे सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही. गणपती गेल्यावर दोन दिवसांनी गळकी छत्री घेऊन दारात उभा राहिलो आणि ‘कुत्र्याला चावायला काहीतरी टणक द्या’ म्हणालो, तो मी. त्यानंतर चारदा आलो, पण दर वेळी गर्दी, आणि आभार मानायचे राहूनच गेले.

आमची खारी जुलैत रंकाळ्याजवळ पावसात सापडली. रंग अगदी खारी बिस्किटाचा, म्हणून हे नाव. दोन महिने गुणी बाळासारखी राहिली आणि मग एकदम सुटली. सोफ्याचा कोपरा, चार्जरची वायर, माझी पोटरी, आणि शेवटी वडिलांची जपून ठेवलेली कोल्हापुरी कापशी चप्पल. त्या चपलेसाठीच मी तुमच्या दुकानात धावलो होतो, हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

दोन्ही टोकांना गाठ मारलेलं पांढरं हाडूक मी स्वतःच खुंटीवरून काढलं. तुम्ही ‘पिल्लू किती महिन्यांचं?’ विचारलंत, मी ‘चार’ म्हणालो, आणि तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन परत टांगलंत. गिऱ्हाईकाला माल नाकारणारं दुकान मी तोवर पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, रागच आला. ‘मग ठेवता कशाला?’ असं विचारलंही. ‘मालक ठेवतात. मी पिल्लाला देत नाही,’ एवढंच तुम्ही म्हणालात.

मग म्हणालात, ‘हे हाड नाही, कातडं आहे.’ जन्म चपलांच्या गावात गेला आणि मला कातडं ओळखू आलं नाही! जनावराच्या कातड्याचा आतला थर, न कमावलेला, वाळवून वळलेला. लाळेनं भिजला की बुळबुळीत होतो, फुगतो, आणि अधाशी पिल्लू त्याचा तुकडा तसाच गिळतं. घशात अडकला तर घुसमट, पुढे गेला तर आतडं बंद. हे तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला पिशवी देता देता सांगितलंत, म्हणून असेल कदाचित, जास्त लक्षात राहिलं.

आणि ते नखाचं. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं. खूण उमटली तर ती पिल्लाच्या दातांसाठी, नाही उमटली तर ठेवून द्यायची. मी वेड्यासारखा तुमच्या दुकानात अर्धा तास नख दाबत फिरलो. शिंग नापास, खूर नापास, कडक नायलॉनचं हाड नापास. याकच्या दुधाचं ते चीज म्हणजे तर दगडच. पास झालं ते आतून पोकळ असलेलं मऊ रबराचं खेळणं. त्यातही लहान साईज मी उचलला होता, तो तुम्ही बदलून मोठा दिलात. तोंडात अख्खं मावेल असं काही द्यायचंच नाही म्हणालात.

खरी लढाई घरी होती. आमच्याकडे रविवारी मटण आणि नळी कुत्र्याची, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. आई म्हणाली, ‘कुत्रं हाडूक खाणार न्हाई तर काय पुरणाची पोळी खाणार?’ मी तुमचं सगळं म्हणून दाखवलं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कुसळांसारख्या कपच्या निघतात, कोंबडीच्या हाडाच्या तर जास्तच. आई ढिम्म. पण नळीचं गोल कडं खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अडकून बसतं आणि मग ते कापून काढावं लागतं, हे सांगितल्यावर तिनं ताटातली नळी मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवली. तिच्या दृष्टीनं खारी म्हणजे आता नातच.

तुमच्या सांगण्यावरून जुना पंचा भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायला लागलो. शिवशिवणाऱ्या हिरड्यांना गार लागलं की ती डोळे मिटून चघळत बसायची. सुतं निघाली की पंचा बाद, कारण दोरा पोटात गेला की आतडी गोळा होतात. रबराच्या खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून गोठवला की आमची वीस मिनिटं शांततेत जायची. बर्फाचे खडे द्यायची बायकोची कल्पना मात्र नखाच्या परीक्षेत नापास झाली. लहान बाळांच्या हिरड्यांना लावायचं जेलही तिनं आणून ठेवलं होतं. माणसाचं औषध, मग ते जेल असो की पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचंही नाही, असं तुम्ही फोनवर जवळपास ओरडलात. बरं केलंत.

तो फोन मी रक्तासाठी केला होता. पंचावर लाल डाग दिसल्यावर माझे हातपाय गार पडले. तुम्ही हसलात. ‘दात शोधा’ म्हणालात. ‘नाही सापडला तर गिळला असेल, काही होत नाही.’ घोंगडीवर सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. दुधाचे अठ्ठावीस जातात आणि पक्के बेचाळीस येतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. आईला तो दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचा होता. आमच्या बिल्डिंगला कौलं नाहीत, म्हणून तो तिच्या कुंकवाच्या जुन्या डबीत आहे.

एक सुळा मात्र पडेना. नवा शेजारी उगवला तरी जुना तिथंच. त्यात अन्न अडकतं, नवा वाकडा येतो, वाट बघत बसू नका, असं म्हणून तुम्हीच डॉक्टरांकडे पिटाळलंत. त्यांनी डिसेंबरात नसबंदीच्या वेळी, भूल दिलेलीच होती तेव्हा, तो काढून टाकला.

आता ती आठ महिन्यांची आहे. पोटरी वाचली, सोफा वाचला नाही. जुन्या चपला तिला खेळायला देऊ नका, तिला जुनी-नवी कळत नाही, हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांनी पाठ केलंय. वडिलांची उरलेली एक कापशी कपाटाच्या वर आहे.

रबराच्या खेळण्याला परवा चीर पडली. तुकडा निघायच्या आत ते काढून घेतलंय. शनिवारी येतो, त्याच्या पुढचा साईज काढून ठेवा. आईनं तुमच्यासाठी तांबड्या रश्श्याचा मसाला दिलाय, तोही घेऊन येतो.

आपला,
खारीच्या घरचा