रेबेकाच्या घराची हकिकत

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा माहेरच्या वंशावळीचा फोटो, दोन्ही मिळालं. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतून एवढ्या पिढ्यांची नावं उतरवून आणलीस, फार कौतुक वाटलं. शेवटी तू विचारलं आहेस, "अमेरिकेत कसली आलीय वंशावळ? सगळे कालपरवाचे." त्यामुळे हे पत्र लांबणार. केंटकीत आल्यापासून मी बघते आहे, इथली माणसं आपली कुळकथा फार मनापासून जपतात. त्यातही केंटकीची वाट पाडणारा अठराव्या शतकातला शिकारी डॅनियल बून, त्याच्या घराण्याशी कुठूनतरी नातं निघावं, अशी कितीतरी जणांची इच्छा असते. रस्ते, शाळा, जंगल, सगळ्यांना त्याचं नाव. पण त्याची गोष्ट सांगतात ती एकट्या शिकाऱ्याची. मी ती घराची म्हणून वाचायला घेतली, आणि वाचता वाचता त्याच्या बायकोपाशी, रेबेकापाशी, येऊन थांबले.

आधी सासरचं सांगते. डॅनियलचा बाप स्क्वायर बून इंग्लंडच्या डेव्हनमधला विणकर, ख्रिश्चनांतल्या क्वेकर पंथाचा. 1713 मध्ये तो भावंडांबरोबर पेन्सिल्व्हेनियात पुढे आला. इथलं बरं दिसल्यावर 1717 मध्ये त्याचे आईवडील बाकीच्या मुलांना घेऊन आले. त्याचं लग्न सारा मॉर्गन या वेल्श क्वेकर मुलीशी झालं. अकरा मुलं, त्यांत डॅनियल सहावा, जन्म 1734 चा. पुढे थोरल्या मुलीनं पंथाबाहेर लग्न केलं, तेव्हा स्क्वायरनं चारचौघांत चूक कबूल केली. मग 1747 मध्ये मुलगा इस्रायलही पंथाबाहेरची बायको करून आला. या वेळी मात्र बाप झुकला नाही आणि पंथानं त्याला वाळीत टाकलं. ओळखीची गोष्ट वाटते की नाही? 1750 मध्ये हे कुटुंब गाड्या जोडून निघालं आणि पुढे नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिलं. जमिनीची ओढ होतीच, पण गाव सोडण्यामागे हा दुखावलेला मानही असणार असं मला वाटतं.

याडकिनकाठीच ब्रायन कुटुंब राहत होतं. त्यांची रेबेका सतरा वर्षांची असताना, 14 ऑगस्ट 1756 रोजी, डॅनियलशी तिचं लग्न झालं. तो इस्रायल क्षयानं गेला होता. त्याची दोन पोरकी मुलं, जेसी आणि जोनाथन, नव्या नवरीनं पहिल्याच दिवसापासून पदरात घेतली. पुढे तिला स्वतःची दहा झाली, आणि माहेरच्या एका विधुर नातेवाइकाची सहाही तिनंच वाढवली. तिची सख्खी बहीण मार्था डॅनियलच्या धाकट्या भावाला, नेडला दिली होती, म्हणजे दोघी बहिणी जावा. हे सगळं वंशावळीत एका ओळीत मावतं, पण एवढ्या तोंडांना रोज घालायचं काय, हे त्या बाईनं कसं निभावलं असेल?

कारण नवरा घरी नसायचा. हरणांच्या कातड्यांवर पोट, आणि शिकार लांबलांबच्या जंगलात. 1769 च्या मे महिन्यात तो केंटकीकडे गेला तो 1771 च्या वसंतातच परतला. मधल्या काळात मुलगा डॅनियल मॉर्गन जन्मला आणि बापानं त्याला पाहिलं तेव्हा तो वर्षाच्या वर झाला होता. केंटकीत जमवलेली कातडी शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी काढून घेतली, कारण त्यांच्या दृष्टीनं हा त्यांच्या शिकारभूमीत घुसलेला चोर होता. तसं म्हणायला त्यांना आधार होता. 1768 च्या तहात इरोक्वा या दुसऱ्याच मूळ रहिवासी लोकांनी ही भूमी इंग्रजांना देऊन टाकली होती आणि शॉनींना कुणी विचारलंच नव्हतं. इतकं करून डॅनियल घरी आला तो रिकाम्या हातानं, डोक्यावर कर्ज घेऊन.

तरी 1773 च्या सप्टेंबरात त्यानं बायकामुलं आणि शेजारीपाजारी, असे पन्नासएक जण घेऊन केंटकीची वाट धरली. थोरला जेम्स सोळा वर्षांचा. पिठाच्या गोण्या आणि अवजारं आणायला बापानं त्याला मागे पाठवलं होतं. परतताना 10 ऑक्टोबरच्या पहाटे मुख्य तांड्यापासून काही मैलांवर त्यांच्या मुक्कामावर हल्ला झाला. जेम्स आणि त्याच्या सोबतचा, कॅप्टन रसेलचा मुलगा हेन्री यांना हाल हाल करून मारलं. रेबेकानं आपल्याजवळच्या तागाच्या चादरी काढून दिल्या आणि त्यांत गुंडाळून दोघांना एकत्र पुरलं. शुभा, या चादरींपाशी मी पुस्तक मिटून बसले होते. नव्या घरासाठी बांधून घेतलेल्या त्या चादरी.

त्या मुक्कामात चार्ल्स आणि ॲडम असे दोन गुलामही होते. ॲडम नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांत लपला आणि त्यानं सगळं पाहिलं. त्या रात्रीची हकिकत पुढे गेली ती त्याच्या सांगण्यातून. चार्ल्सचाही जीव गेला. या दोघांच्या आईबापांची नावं कोणत्याही वहीत नाहीत. पुढे डॅनियलकडे स्वतःचेही गुलाम होते. बून घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तांडा परत फिरला, पण फार काळ नाही. 1775 मध्ये हेंडरसन नावाच्या धनिकानं चेरोकी या आणखी एका मूळ रहिवासी जमातीकडून प्रचंड मुलूख विकत घेतला आणि त्याच्यासाठी डॅनियलनं तीसएक कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट पाडली. वाटेच्या शेवटी बून्सबरो वसलं. त्याच वर्षी रेबेका मुलांना घेऊन तिथं आली. 14 जुलै 1776, रविवार दुपार. तेरा वर्षांची जेमायमा कॅलवेंच्या दोन मुलींबरोबर होडीतून फिरत होती. पायाला जखम झाली होती म्हणून तिनं पाय पाण्यात सोडला होता. पलीकडच्या काठाजवळ पाच शॉनी आणि चेरोकी पुरुषांनी होडी ओढली आणि तिघींना पळवलं. या मुली मात्र हुशार. वाटेत डहाळ्या मोडत, कपड्याच्या चिंध्या टाकत, टाचा रुतवत चालल्या. तिसऱ्या दिवशी बापानं गाठलं आणि तिघी सुखरूप परत आल्या. त्या लोकांनी आपल्याला वाईट वागवलं नाही, असं जेमायमा पुढे सांगायची.

1778 च्या फेब्रुवारीत डॅनियल स्वतःच सापडला. ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर माणसं घेऊन मीठ करायला गेला होता. आदल्या नोव्हेंबरात शॉनींचा मुखिया कॉर्नस्टॉक गोऱ्या शिपायांच्या हातून मारला गेला होता आणि शॉनी सूड घ्यायला निघाले होते. पण त्यांचा सरदार ब्लॅकफिशनं डॅनियलला मारलं नाही, दत्तक घेतलं. मेलेल्या माणसाच्या जागी पकडलेला माणूस घरात घ्यायची त्यांची रीतच होती. डॅनियल चार महिने त्या घरात मुलासारखा राहिला. बून्सबरोवर हल्ला होणार असं कळलं तेव्हा पळाला आणि एकशे साठ मैल तुडवत पाचव्या दिवशी तिथं पोचला.

घरी येऊन बघतो तर घर रिकामं. नवरा मेला असं धरून रेबेका मुलांसकट माहेरी गेली होती. बापाची वाट बघत मागे राहिली होती ती एकटी जेमायमा. रेबेकाच्या जागी मी असते तर मीही गेले असते. सप्टेंबरात ब्लॅकफिशनं वेढा घातला, बाप आणि मानलेला मुलगा समोरासमोर बसून बोलले, आणि तरी लढाई झालीच. पुढच्या वर्षी गोऱ्यांनी शॉनींच्या गावावर हल्ला केला, त्यातल्या जखमेनं ब्लॅकफिश गेला.

डॅनियलनं 1779 मध्ये रेबेकाला माहेराहून परत आणलं. ऑक्टोबर 1780 मध्ये डॅनियलबरोबर शिकारीला गेलेला नेड मारला गेला आणि मार्था विधवा झाली. 19 ऑगस्ट 1782 ला ब्लू लिक्सच्याच लढाईत दुसरा मुलगा, तेवीस वर्षांचा इस्रायल, बापाच्या डोळ्यांसमोर पडला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सैन्यानं यॉर्कटाउनला शरणागती पत्करून तेव्हा दहा महिने झाले होते!

आणि एवढं देऊन जमीन तरी मिळाली का? नाही. मोजणी, नोंदणी, दावे यांत डॅनियल हरत गेला. इथल्या जमिनीवर एकावर एक हक्क नोंदलेले असायचे, वकील ठेवील त्याची जमीन. 1799 मध्ये दोघं साठीच्या घरात असताना स्पेनच्या ताब्यातल्या मिसूरीकडे निघाली. तिथं मिळालेली जमीनही अमेरिकेनं तो मुलूख घेतल्यावर गेली. 1814 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ती परत दिली, तोवर रेबेका नव्हती. 18 मार्च 1813 ला, मेपलच्या रसाची साखर करायच्या दिवसांत, ती जेमायमाच्या घरी वारली. दहांतली सहा मुलं तिच्या आधी गेली होती. तिला लिहिता येत नव्हतं, कागदावर सहीच्या जागी ती फुली मारायची. तिच्या हातचा मागे राहिलेला मजकूर तेवढाच.

मग हे सगळं आपल्याला कळलं कसं? धाकटा मुलगा नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांच्यामुळे. लग्न झालं तेव्हा ऑलिव्ह सोळा वर्षांची होती. मिसूरी नदी ओलांडताना नेथन वल्हं मारत होता आणि ती होडीचं सुकाणू धरून घोड्यांना पोहत पार नेत होती. 1851 मध्ये लायमन ड्रेपर नावाचा संशोधक या म्हाताऱ्या जोडप्याकडे मुक्कामाला राहिला आणि त्यानं त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. ते कागद आज विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आहेत. ड्रेपर आणखी सात-आठ वर्षांनी गेला असता तर दोघंही भेटली नसती. नेथन 1856 मध्ये वारला, ऑलिव्ह 1858 मध्ये.

म्हणून तुला एक सांगते, अगदी कळकळीनं. तुझ्या वंशावळीत सगळी पुरुषांचीच नावं आहेत. वहीत तेवढीच असतात, तुझा दोष नाही. पण थोरल्या आत्या अजून बोलत्या आहेत. त्यांच्या आजीचं माहेर कुठलं, मुलं किती झाली, किती वाचली, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले तेव्हा कोण कोण होतं, हे त्यांच्याजवळ बसून लिहून घे. फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल. दिवाळीची वाट बघू नकोस, याच महिन्यात जा. आणि आत्यांना ऐकायला कमी येतं, तेव्हा सकाळी जा, दुपारनंतर त्या थकतात असं तूच लिहिलं आहेस.

काकांना साष्टांग नमस्कार, ओवीला खूप खूप आशीर्वाद. आत्यांनी काय सांगितलं ते सविस्तर कळव.

तुझी,
वैजू