एलपी रेकॉर्डची दुसरी बाजू केंद्रातून सरकली आहे, प्रत बदलून द्यावी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या अल्बमच्या एलपीतील दोषाबाबत

महोदय,

आपण काढलेल्या नव्या फोक-पॉप अल्बमची बारा इंची एलपी मागवली होती. गायिकेची स्वतःची गाणी, साथीला गिटार, हार्मोनियम आणि डबल बास एवढंच. जुन्या रेकॉर्डींचा भरदार आवाज हाच या अल्बमचा जीव, आणि दुसऱ्या बाजूवर तोच गेला आहे.

पहिली बाजू स्वच्छ वाजते. दुसरीवर सुई टेकवली की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावीउजवीकडे झुलू लागतो. पट्टी धरून मोजलं तर झोका 2 मिलिमीटरचा भरतो, म्हणजे खाचांचं केंद्र मधल्या भोकापासून 1 मिलिमीटर सरकलेलं आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्या, म्हणजे एक फेरी 1.8 सेकंदांची; दर फेरीला सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. शेवटच्या गाण्यापाशी त्रिज्या जेमतेम 6 सेंटिमीटर उरते, तिथे हा फरक वरखाली 1.7 टक्के होतो. एका अर्धस्वराच्या पाव भागाहून जास्त! गिटारच्या तुटक आघातांत तो एक वेळ खपेल, पण हार्मोनियमचा लांबवलेला सूर चक्क बेसूर होतो.

आपल्याकडून ‘सुई बदलून पाहा’ असं उत्तर आलं. दोष सुईचा किंवा टर्नटेबलचा असता तर पहिली बाजूही डुलली असती. भोक दोन्ही बाजूंना एकच, स्टॅम्पर, म्हणजे खाचा उमटवणारे साचे, मात्र वेगवेगळे. तेव्हा दुसऱ्या बाजूचा स्टॅम्परच केंद्रात नव्हता, आणि त्याच बसवणीत निघालेली प्रत्येक प्रत अशीच असणार. म्हणून त्याच लॉटमधली दुसरी प्रत नको. पाठवण्याआधी दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवून टोनआर्मकडे बघा, एवढं पुरे.

पॅकिंगही सुधारा. तबकडी कव्हरच्या आत ठेवून पाठवल्याने धक्क्यांनी कव्हरची वरची शिवण उसवली आहे. तबकडी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कव्हरच्या बाहेर ठेवावी, दोन्ही अंगांना ताठ पुठ्ठा लावावा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या बंद टेम्पोत त्याहून कितीतरी जास्त, आणि पीव्हीसी तिथे नरम पडून वाकतं.

बिलाची प्रत, टोनआर्मचा व्हिडिओ आणि शेवटच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण सोबत जोडलं आहे. 15 दिवसांत निर्दोष प्रत द्यावी, नाहीतर पूर्ण रक्कम. सदोष प्रत परत नेण्याचा खर्च आपला. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल.

आपला,
एक ग्राहक
नागपूर